एमपी३ पासून टेलिफोनसाठी रॉ फाईल: फॉरमॅट कोणता, आणि आवाज नेमका कुठे बिघडतो?

अनाहत

नमस्कार मंडळी,

आमच्याकडच्या फोनच्या आयव्हीआरचं (फोन आपोआप उचलून पर्याय सांगणाऱ्या यंत्रणेचं) काम नुकतंच माझ्याकडे आलं आहे. सर्व्हर ॲस्टरिस्क या टेलिफोन सॉफ्टवेअरचा. स्वागताचं वाक्य, "अमुकसाठी एक दाबा" छापाची वाक्यं आणि होल्डवर वाजणारं संगीत, हा सगळा ऐवज एमपी३ मध्ये आहे. आधीच्या कंत्राटदाराने त्यातल्या बऱ्याच फाईलींच्या 'रॉ' प्रती करून सर्व्हरवर ठेवल्यात, पण कशा केल्या याची नोंद कुठेच नाही.

आता होतं असं, की काही वाक्यं स्वच्छ वाजतात. काहींत आवाज एकदम संथ आणि जाड येतो, बाई बोलतेय की बुवा हेसुद्धा कळत नाही. काहींच्या सुरुवातीला बारीकसं 'खट्' होतं. आणि काही फाईलींत नुसती खरखर, शब्द एकही नाही.

म्हणून तीन प्रश्न. सगळं मुळापासून पुन्हा करायचं तर एसएलएन, म्यू-लॉ, ए-लॉ, जीएसएम या फोनचा आवाज साठवायच्या फॉरमॅटांपैकी काय निवडावं? एमपी३ थेट वाजवायला काय हरकत आहे? आणि बिघडलेल्या फाईलीत काय बिघडलंय हे ओळखायचं कसं?

फोन करणाऱ्याची पहिली गाठ याच आवाजाशी पडते, त्यामुळे हे काम नीट व्हावं अशी मनापासून इच्छा आहे. जाणकारांनी वेळ काढून लिहावं.

तारायंत्र

तिसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, उरलेली अर्धी उत्तरं त्यातच आहेत.

रॉ फाईलमध्ये आवाजाचे नमुने असतात, एकामागोमाग एक, आणि दुसरं काहीही नसतं. सेकंदाला किती नमुने, एक नमुना किती बिटांचा, चॅनल एक की दोन, आकडे कोणत्या पद्धतीने लिहिलेत, हे फाईल स्वतः सांगत नाही. वॅव्ह ही माहिती हेडरमध्ये, म्हणजे फाईलच्या सुरुवातीच्या नोंदीत ठेवते, एमपी३ दर फ्रेमच्या सुरुवातीला ठेवते. रॉ म्हणजे चिठ्ठी न लावलेली बरणी, आत काय आहे ते भरणाऱ्यालाच ठाऊक. ॲस्टरिस्क फक्त एक्सटेन्शन बघतो. नावापुढे एसएलएन असेल तर आत ८००० हर्ट्झ, १६ बिट, एक चॅनल असंच धरून तो वाचत सुटतो.

आता तुमची लक्षणं घेऊ.

संथ आणि जाड आवाज: नमुने अपेक्षेच्या दुप्पट आहेत. १६००० हर्ट्झची फाईल एसएलएन नावाने ठेवली गेली असेल (तिचं एक्सटेन्शन एसएलएन१६ हवं), किंवा स्टिरिओ तसाच राहिला असेल. स्टिरिओत डावा आणि उजवा नमुना आलटून पालटून लिहिलेला असतो. तो मोनो समजून वाचला की वेळ दुप्पट आणि सूर एक सप्तक खाली.

सुरुवातीचं 'खट्': वॅव्हचं हेडर काढायचं राहिलंय आणि तेच नमुन्यांसारखं वाजतंय. साधं हेडर ४४ बाइटांचं असतं, १६ बिटांत वाचलं तर पावणेतीन मिलिसेकंद. शब्द नाही, पण टिचकी ऐकू येते.

नुसती खरखर: बाइटांचा क्रम उलटा आहे, किंवा ८ बिटांची फाईल १६ बिटांची म्हणून वाचली जातेय, किंवा कुणीतरी एमपी३ चं फक्त नाव बदललंय.

पडताळायला कॅल्क्युलेटर पुरतो. ए-लॉ आणि म्यू-लॉ सेकंदाला ८००० बाइट घेतात, एसएलएन १६०००, जीएसएम १६५०. मूळ एमपी३ १२ सेकंदांची असेल तर ए-लॉ फाईल ९६,००० बाइटांच्या आसपास यायला हवी आणि एसएलएन १,९२,००० च्या. एसएलएन म्हणवणारी फाईल ३,८४,००० भरली तर ती दुप्पटवाली. आणि एमपी३ एवढीच भरली, तर काय झालंय ते वेगळं सांगायला नको.

मंद्रसप्तक

तारायंत्र यांना +१. कानाने खात्री करायची तर ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये 'इम्पोर्ट' खाली 'रॉ डेटा' असा पर्याय आहे. तिथे एन्कोडिंग, बाइट क्रम, चॅनल आणि सॅम्पल रेट आपण भरायचे. एकेक बदलून बघा, खरं उत्तर सापडलं की आवाज लख्ख उघडतो. संगीत शिकवणाऱ्या माणसाला तो क्षण फार आवडतो.

कणाद

ए-लॉ आणि म्यू-लॉ यांची अदलाबदल हा चौथा आजार यादीत घाला. त्यात शब्द कळतात, म्हणूनच तो फार दिवस कुणाच्या लक्षात येत नाही. आवाज किरकिरा होतो आणि दोन शब्दांमधल्या शांततेत सतत फरफर येते. कारण ए-लॉत शांतता म्हणजे हेक्स डी५ हा बाइट, म्यू-लॉत एफएफ. एकाची शांतता दुसऱ्याच्या कोष्टकात शांतता राहत नाही, चांगला ऐकू येणारा आकडा होते.

त्यावरूनच आणखी एक. रॉ फाईलींमध्ये विराम घालायला काही जण शून्य बाइट भरतात. म्यू-लॉत शून्य बाइट म्हणजे सर्वांत मोठा ऋण आकडा. विरामाच्या दोन्ही टोकांना धाडकन आवाज होतो. विराम हवाच असेल तर तो १६ बिटांत असताना घाला, मग रूपांतर करा.

घंटानाद

मूलभूत शंका. आज घरच्या साध्या यंत्रावर ४८००० हर्ट्झचं ऐकतो आपण, मग फोन अजून ८००० वर का?

तारायंत्र

@घंटानाद, चांगला प्रश्न. जुन्या टेलिफोन यंत्रणेत एका संभाषणाला साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढा पट्टा मिळायचा. बोलणं कळायला तेवढा पुरतो हे अनुभवाने ठरलं होतं. नमुने पट्ट्याच्या वरच्या टोकाच्या दुपटीहून जास्त वेगाने घ्यावे लागतात. ३४०० ची दुप्पट ६८००, फिल्टरला उतरायला थोडी जागा सोडून ८०००. नमुन्यांतून आवाज पाठवायची कल्पना ॲलेक रीव्ह्ज यांची, १९३० च्या दशकाच्या अखेरची. तेव्हा ती परवडेल असे सुटे भागच नव्हते. अमेरिकेच्या बेल सिस्टिमने १९६२ मध्ये टी१ या डिजिटल वाहिन्या सुरू केल्या तेव्हा ती व्यवहारात आली, आणि १९७२ मध्ये जी.७११ हे मानक आलं, ए-लॉ आणि म्यू-लॉ त्यातलेच. ८००० गुणिले ८ बिट, म्हणजे सेकंदाला ६४ किलोबिट. त्या आकड्यावर जगभरची एक्स्चेंजेस उभी राहिली. पाया तो असल्यामुळे वरचे मजलेही त्याच मापाचे झाले.

८ बिट ऐकून वाईट वाटून घेऊ नका. ए-लॉ आणि म्यू-लॉ हे सरळ मोजमाप करत नाहीत. हळू आवाजासाठी बारीक पायऱ्या, मोठ्या आवाजासाठी रुंद. त्यामुळे ८ बिटांत सुमारे १३-१४ बिटांचा पल्ला मावतो. उत्तर अमेरिका आणि जपानमध्ये म्यू-लॉ, युरोप, भारत आणि बहुतेक जगात ए-लॉ.

रेवती_स

मी पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. तुमच्या ट्रंकवर (फोन कंपनीकडून येणाऱ्या लाईनवर) जे कोडेक, म्हणजे आवाज दाबून पाठवायची जी पद्धत चालते, त्याच फॉरमॅटमध्ये फाईल ठेवा. ए-लॉ चालत असेल तर ए-लॉ. मग सर्व्हरला काहीच करावं लागत नाही, फाईलमधले १६० बाइट उचलायचे, २० मिलिसेकंदांचं पॅकेट करायचं, पाठवायचं. आणि एका नावाच्या अनेक फाईली शेजारी ठेवता येतात: ए-लॉ, म्यू-लॉ, जी७२२. डायलप्लॅनमध्ये (कॉल आल्यावर काय करायचं ते लिहिलेल्या फाईलमध्ये) नाव एक्सटेन्शनशिवाय द्यायचं, ज्या कॉलला ज्याचं रूपांतर सर्वांत स्वस्त पडेल ती फाईल ॲस्टरिस्क स्वतः निवडतो.

कणाद

@रेवती_स, थोडा असहमत. एसएलएनचं ए-लॉ करणं म्हणजे कोष्टकात बघून आकडा बदलणं, त्याला प्रोसेसरचा भार म्हणणं अवघड आहे. माझ्या मते १६ बिटांची एकच प्रत सर्व्हरवर ठेवावी आणि बाकी त्याच्यावर सोडावं. तीन प्रती ठेवल्या की एक वाक्य बदलताना दोन ठिकाणी बदलतं आणि तिसरं विसरतं. मग ग्राहक म्हणतो वेळ सकाळी नऊची सांगितली, आपण ऐकतो तर दहाची.

रेवती_स

प्रती हाताने केल्या तर तसंच होणार. मूळ फाईल एकच, प्रती स्क्रिप्टने, आणि सर्व्हरवरच्या प्रतीला कुणी हात लावायचा नाही. ए-लॉच्या बाबतीत भार कमी आहे हे मान्य. पण फोन जी.७२९ या आवाज खूप दाबणाऱ्या कोडेकवर असेल तर दर कॉलला एन्कोडर चालवावा लागतो, तो कोष्टकावर भागत नाही. शिवाय तुमचं पाच वाहिन्यांवर गणित वेगळं, पाचशेंवर वेगळं.

कणाद

पाचशेंच्या बाबतीत तुमचं म्हणणं पटलं. लहान यंत्रणेसाठी मी माझ्या मतावर कायम आहे.

दूरध्वनी

जीएसएमबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून. तो फॉरमॅट आज निवडू नका. १६० नमुन्यांचे ३३ बाइट करतो, सेकंदाला १३ किलोबिट. डिस्क महाग होत्या तेव्हा ते शहाणपणाचं होतं. आज निम्म्याहून जास्त माणसं मोबाईलवरून बोलतात असं धरा, तर तिकडे आवाज एएमआर या मोबाईलच्या कोडेकमध्ये पुन्हा दाबला जातो. एकदा एमपी३ ने दाबलेला, मग जीएसएमने, मग एएमआरने. प्रत्येक वेळी वेगळ्या निकषावर आवाजाचा वेगळा भाग टाकून दिला जातो. शेवटी शब्दांच्या कडा झिजतात, विशेषतः आकडे ऐकताना ते जाणवतं.

आणि वॅव्हबाबत एक सापळा. ॲस्टरिस्कमध्ये वॅव्ह हे एक्सटेन्शन लहान अक्षरांत असेल तर आत १६ बिटांचे साधे नमुने धरले जातात. तेच मोठ्या अक्षरांत असेल तर आत जीएसएम असलेली वॅव्ह४९ धरली जाते. विंडोजवरून आलेल्या फाईलींची नावं मोठ्या अक्षरांत असतात बऱ्याचदा. फाईल बरोबर, नावही बरोबर वाटतं, तरी वाजत नाही.

अनाहत

हे मोठ्या अक्षरांचं आत्ताच तपासलं, आमच्याकडे तशा फाईली निघाल्या! मनापासून आभार. दुसऱ्या प्रश्नावरही कुणी लिहा ना, एमपी३ थेट का नको?

कणाद

एमपी३ थेट वाजतं, पण दर वेळी उलगडावं लागतं. होल्डवर वीस जण असतील तर तेच गाणं वीसदा उलगडलं जाऊ शकतं. प्रत्येक वेळी ४४१०० हर्ट्झचा स्टिरिओ उलगडायचा, मोनो करायचा, ८००० वर आणायचा, मग ए-लॉ. उत्तर दर वेळी तेच येणार असेल तर हे काम एकदाच आधी करून ठेवावं. शिवाय ॲस्टरिस्कमध्ये एमपी३ वाचणारा भाग मूळ बांधणीत आपोआप येत नाही, वेगळा घ्यावा लागतो. जुनी पद्धत म्हणजे एमपीजी१२३ हा प्रोग्रॅम बाजूला चालवून त्याचं आउटपुट होल्ड म्युझिकला जोडायचं. तो मध्येच बंद पडला तर होल्डवर सन्नाटा, आणि होल्डवरची शांतता म्हणजे लोकांना फोन तुटला असं वाटतं.

फ्रीस्विच या दुसऱ्या टेलिफोन सॉफ्टवेअरमध्ये एमपी३ साठी मॉड_शाउट हा भाग आहे, पण तिथेही संगीताचे ८०००, १६०००, ३२०००, ४८००० असे वेगळे फोल्डर ठेवायची पद्धत आहे ती याच कारणाने.

शुभ्रांगी

मी अशा वाक्यांना आवाज देण्याचं काम करते, तांत्रिक बाजू तुमच्याएवढी माहीत नाही. पण एक सांगावंसं वाटतं. स, श, फ यांतली बरीच ताकद ४००० हर्ट्झच्या वर असते, आणि फोनवर ती उरतच नाही. स्टुडिओत मोठ्या स्पीकरवर ऐकून "झकास" म्हणतात, आणि फोनवर "सात" आणि "आठ" यांतला फरक जवळजवळ फक्त शेवटच्या व्यंजनावरून ओळखावा लागतो. म्हणून आकडे मी थोडे सावकाश बोलते, व्यंजनं ठाशीव ठेवते, आणि शेवटचा स्वर गिळत नाही. रेकॉर्डिंग संपल्यावर लगेच ८००० वर उतरवलेली प्रत फोनच्या इअरपीसमधून ऐकायला मागते. तिथे जे पटत नाही ते त्याच बैठकीत पुन्हा बोलून होतं.

मराठीत १ ते ९९ प्रत्येक आकडा स्वतंत्र रेकॉर्ड करून घ्या. दशक आणि एकक जोडून 'तेवीस' किंवा 'एकोणसाठ' तयार होत नाहीत. इंग्रजीसाठी लिहिलेली जोडणी तशीच वापरली तर ऐकणाऱ्याचा गोंधळ उडतो.

घंटानाद

शुभ्रांगी, फार छान लिहिलंत. आजवर ज्या आवाजाने मला "कृपया प्रतीक्षा करा" म्हटलं त्यामागे एवढा विचार असतो, हे वाचून आता प्रतीक्षा आनंदाने करीन.

लघुलहरी

वाचनखूण साठवली.

खटका

एफएफएमपेग आणि सॉक्स या रूपांतराच्या दोन प्रोग्रॅमांची प्रत्यक्ष पद्धत लिहितो, पर्याय शब्दांत देतो म्हणजे कॉपी करताना घोळ नको.

एफएफएमपेगमध्ये: डॅश आय आणि मूळ फाईल, मग डॅश एआर ८०००, डॅश एसी १, मग डॅश एफ आणि फॉरमॅट. ए-लॉसाठी 'अलॉ', म्यू-लॉसाठी 'म्यूलॉ', एसएलएनसाठी 'एस१६एलई'. डॅश एफ स्पष्ट दिलं की हेडर येतच नाही आणि आउटपुटचं एक्सटेन्शन काय आहे याच्याशी एफएफएमपेगला देणंघेणं राहत नाही.

वॅव्ह करून मग पहिले ४४ बाइट कापून टाकायची युक्ती जागोजागी सांगितली जाते, ती करू नका. एफएफएमपेग वॅव्हमध्ये स्वतःच्या नावाची नोंद घालतो, त्यामुळे हेडर बहुधा ७८ बाइटांचं होतं. ४४ कापले तरी ३४ उरतात आणि 'खट्' तसंच. अनाहत, तुमच्या काही फाईलींचं मूळ इथेच असेल. दुसऱ्या काही प्रोग्रॅमांत अशी नोंद फाईलच्या शेवटी येते, मग टिचकी शेवटी ऐकू येते.

सॉक्समध्ये: आधी मूळ फाईल, मग डॅश आर ८०००, डॅश सी १, डॅश टी आणि 'एएल', 'यूएल' किंवा 'एसएलएन', मग नव्या फाईलचं नाव. डेबियन लिनक्सवर सॉक्सला एमपी३ वाचता यायला वेगळं पॅकेज लागतं, नाहीतर फाईल ओळखता येत नाही म्हणून थांबतो.

मंद्रसप्तक

@खटका, सॉक्सबरोबर डॅश मोठा जी हा पर्याय जरूर द्या. हल्लीचं संगीत एवढ्या मोठ्या आवाजात मिसळलेलं असतं, की ८००० वर उतरवताना फिल्टरमुळे काही शिखरं मर्यादेबाहेर जातात. सॉक्स "अमुक नमुने कापले गेले" असा इशारा देतो, पण स्क्रिप्टमध्ये तो कुणी वाचत नाही. मोठा जी दिला की तो आधी थोडी जागा करतो आणि शेवटी पातळी पुन्हा आणतो. माझा नियम: वाक्यांचं शिखर उणे ३ डेसिबलच्या आसपास, संगीत त्याहून बरंच खाली. होल्डवरून माणूस बोलायला आला की त्याचा आवाज संगीतापेक्षा बारीक वाटता कामा नये.

स्टिरिओचं मोनो करतानाही ऐकून घ्या. काही ध्वनिमुद्रणांत रुंदपणा आणायला डावी-उजवी बाजू एकमेकींच्या उलट ठेवलेली असते. दोन्ही मिळवल्या की एखादं वाद्य चक्क नाहीसं होतं. तेव्हा फक्त डावी बाजू घ्या, सॉक्समध्ये 'रिमिक्स १'.

दूरध्वनी

मी यात ३०० चा हायपास (खालचे सूर काढणारा फिल्टर) आणि ३४०० चा लोपास (वरचे सूर काढणारा) लावतो. टेलिफोनचा पट्टा तेवढाच, मग बाकीचं कशाला ठेवायचं?

मंद्रसप्तक

लोपास रूपांतर करताना आपोआप लागतोच, सॉक्स असो वा एफएफएमपेग. ४००० च्या वरचं काढलं नाही तर ते खाली दुमडून आत येतं आणि 'स' ला किणकिणणारी झालर लागते, म्हणून तो हवाच. पण ३०० चा हायपास पुरुषी आवाजाला पातळ करतो. मूळ स्वर १०० ते १२० च्या आसपास असतो. तो ऐकू आला नाही तरी वरच्या स्वरांवरून कान तो मनातल्या मनात भरून काढतो हे खरं, पण २०० च्या आसपास जे उरतं ते ऊब देतं. जी.७११ ला खाली ३०० वर थांबायची काही सक्ती नाही. मी १०० ते १५० वर सौम्य हायपास लावतो, घरघर आणि श्वासाचे धपके जाण्यापुरता.

दूरध्वनी

जुन्या ॲनालॉग लाईनवरच्या लोकांना तरीही फरक कळणार नाही. पण नव्या यंत्रणेत तुमचं बरोबर वाटतंय. दोन्ही प्रती करून ऐकून बघतो.

नादलुब्ध

विषयांतराबद्दल क्षमस्व, पण होल्डवर संगीत ही कल्पना कशी आली ते इथे सांगायलाच हवं. आल्फ्रेड लेव्ही नावाचे एक कारखानदार होते. त्यांच्या इमारतीत टेलिफोनची एक सुटी तार पोलादी तुळईला टेकली होती, आणि शेजारच्या रेडिओ केंद्राचं प्रसारण होल्डवरच्या लोकांना ऐकू यायचं. बिघाड दुरुस्त करून विसरण्याऐवजी त्यांनी १९६२ मध्ये त्यावर पेटंटचा अर्ज केला, १९६६ मध्ये ते मिळालं.

आणि अनाहत, होल्डवरचं गाणं वाजवण्याचे हक्क तुमच्याकडे आहेत का ते बघा. रचनेचे हक्क वेगळे आणि ध्वनिमुद्रणाचे वेगळे असतात. विकत घेतलेली एमपी३ स्वतः ऐकण्यासाठी असते.

कणाद

संगीताच्या बाबतीत आणखी एक: जी.७२९ सारखी कोडेक्स माणसाच्या कंठाचा नमुना समोर ठेवून बनवलेली आहेत. सेकंदाला फक्त ८ किलोबिटांत बोलणं छान जातं, पण व्हायोलिन बुडबुड्यांसारखं ऐकू येतं. अशा लाईनवर एकच वाद्य, सावकाश चाल, ढोल-झांजा नाहीत, असं संगीत निवडा. शांतता ओळखून पाठवणं थांबवणारी सोय चालू असेल तर हळू वाजणारे भाग तुकड्या-तुकड्याने गायब होतात. तीही तपासा.

रेवती_स

अजून एक वर्ग राहिला, वाक्यं जागच्या जागी यंत्राकडून बोलवून घेणारे. तिथे एमपी३ मागवून उलगडत बसू नका. बऱ्याच सेवा थेट ८००० हर्ट्झचा म्यू-लॉ किंवा १६ बिटांचे नमुने देतात, तेच मागा. वेबसॉकेटवरून कॉलमध्ये आवाज घालायचा असेल तर बहुधा म्यू-लॉ, बेस६४ मध्ये आणि हेडरशिवाय लागतो. १६ बिटांचा प्रवाह तुकड्यांत येताना तुकडा विषम बाइटावर तुटला, तर पुढचं सगळं एका बाइटाने सरकतं आणि निव्वळ खरखर होते. उरलेला एक बाइट सांभाळून पुढच्या तुकड्याला जोडायचा. हा दोष अधूनमधूनच येतो, म्हणून शोधायला अवघड.

नादलुब्ध

जी.७२२ वापरावं का? त्याला एचडी म्हणतात ना?

तारायंत्र

हो. १६००० हर्ट्झ, पण सेकंदाला तेच ६४ किलोबिट. १९८८ चं मानक. शुभ्रांगी म्हणतात ते 'स' आणि 'फ' तिथे ऐकू येतात. फक्त दोन्ही टोकांना आणि मधल्या सगळ्या रस्त्याला ते चालायला हवं. कार्यालयातल्या कार्यालयात हमखास मिळतं, बाहेरून येणारा कॉल बहुधा जी.७११ वरच येतो.

आरटीपीत (इंटरनेटवरून आवाजाची पॅकेटं पाठवायच्या पद्धतीत) जी.७२२ चं घड्याळ ८००० दाखवतात, १६००० नाही. १९९६ च्या आरएफसी १८९० या मानकात तो आकडा चुकून पडला, आणि तोवर बनलेली उपकरणं बिघडू नयेत म्हणून २००३ च्या आरएफसी ३५५१ ने तो मुद्दाम तसाच ठेवला. पॅकेटं तपासताना तो आकडा दिसला तर यंत्रणा ठीक आहे असंच समजा.

अनाहत

सगळ्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. काय केलं ते लिहितो, पुढे कुणाला उपयोग होईल.

आकाराला कालावधीने भागून सगळ्या फाईली चाळल्या. संथ वाजणाऱ्या फाईली स्टिरिओ निघाल्या. खट् करणाऱ्यांत सुरुवातीला हेडरचे तुकडे दिसले, खटका यांनी सांगितलं तसेच ३४ बाइट. खरखर करणाऱ्यांतल्या काही नाव बदललेल्या एमपी३ आणि काहींत बाइटांचा क्रम उलटा. स्टुडिओला विचारलं तर त्यांच्याकडे मूळ ४८००० हर्ट्झच्या वॅव्ह अजून आहेत! त्या मागवल्या. त्यांवरून स्क्रिप्टने ए-लॉ आणि जी७२२ अशा दोन प्रती करतोय. वाक्यं आता सुरेख वाजतायत.

एकच अडचण उरली. होल्डचं संगीत फक्त एमपी३ मध्ये आहे, मूळ मिळत नाही. ते संपून पुन्हा सुरू होताना बारीक झटका बसतो. १२८ किलोबिटांची एमपी३ आहे, तीच वापरली तर चालेल ना?

मंद्रसप्तक

१२८ ची चालेल. तिच्यातली बरीचशी काटछाट ज्या वरच्या पट्ट्यात झालेली असते तो भाग फोनवर तसाही जाणार नाही. ३२ किलोबिटांची असती तर नाही म्हटलं असतं.

झटक्याचं कारण एमपी३ च्या रचनेत आहे. ती ११५२ नमुन्यांच्या फ्रेममध्ये बांधलेली असते, शेवटची फ्रेम भरायला मागे शांतता जोडली जाते, आणि एन्कोडर व डीकोडर मिळून पुढे हजारेक नमुन्यांची शांतता येते. ४४१०० ला ती सुमारे २५ मिलिसेकंद. लेम या एमपी३ एन्कोडरने बनवलेल्या फाईलमध्ये किती कापायचं याची नोंद असते, पण प्रत्येक डीकोडर ती पाळत नाही. तेव्हा आधी १६ बिटांत उलगडा, ऑडॅसिटीत दोन्ही टोकांची शांतता काढा, समेवर सुरू होऊन समेच्या आधीच्या मात्रेला संपेल असं कापा, शेवट आणि सुरुवात काही मिलिसेकंद एकमेकांत मिसळा. मग ८००० वर आणा, आणि ए-लॉ सर्वांत शेवटी.

अनाहत

केलं. संगीत समेवर परत येतंय, जोड ऐकू येत नाही. मोड 'फाईल्स' ठेवून म्युझिक ऑन होल्ड रीलोड केलं, आणि मोबाईल, डेस्कफोन आणि जुनी लँडलाईन तिन्हींवरून ऐकलं. स्क्रिप्ट थोडी नीट करून उद्या इथेच शब्दांत लिहितो.

रेवती_स

लिहाच. आणि प्रत्येक फाईलचा सॅम्पल रेट, बिट, चॅनल, एन्कोडिंग आणि मूळ फाईलचं नाव अशी एक साधी यादी त्याच फोल्डरमध्ये ठेवा. तुमच्यानंतर जो येईल त्याला हा धागा शोधावा लागणार नाही.